आधी उतरायला शीक

अगं,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. पोल डान्सच्या क्लासला तुझ्यानंतर जॉइन झालेली मुलगी इन्व्हर्ट करायला, म्हणजे पोलवर उलटी व्हायला लागली आणि तुझे पाय अजून जमीन सोडेनात, म्हणून बॅच बदलू का, जिम लावू का, की सोडूनच देऊ असं विचारलंयस. तिन्हीतलं काही करू नकोस. फोनवरच सांगणार होते, पण तू "हो ताई, हो ताई" करतेस आणि पुढच्या क्लासला ये रे माझ्या मागल्या, म्हणून लिहून काढतेय.

तिचं जे रील पाठवलंस ना, ते गाणं बंद करून परत बघ. ती पाय मारतेय. मागचा पाय झोकात वर फेकला, अंग उलटं झालं, पोल पायात सापडला, झालं. आणि रील तिथेच संपतं, उतरतानाचा भाग त्यात नाहीच, तो का नसेल हे मला न बघताही कळतं. ती वाईट करतेय असं नाही म्हणत, अंगात जोर आहे तिच्या, पण ती जे करतेय ते तुला येत नाही म्हणून तू मागे पडलीस हे डोक्यातून काढ. माझा नियम साधा आहे, जी गोष्ट हळू उतरवता येत नाही ती आपल्याला येत नाही. स्पर्धेतसुद्धा आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमांत ठरावीक पोझ किमान 2 सेकंद स्थिर धरावीच लागते, नाहीतर ती धरतच नाहीत, मग झोका देऊन गेलेलं कोण मोजणार.

आता हे उतरण्याचं खूळ माझ्या डोक्यात का, तर आपला स्नायू जेवढं वजन वर ओढू शकतो त्यापेक्षा जास्त वजन तो सावकाश खाली सोडू शकतो. म्हणजे तुला वर जाता येत नसलं तरी खाली येता येतं, आज, आत्ता, आणि वर जायची ताकद त्या खाली येण्यातूनच तयार होते. पाय मारून गेलीस की नेमकं जिथे जोर लागायला हवा, पोट आणि खांद्याची पाती, तिथे काहीच लागत नाही, झोक सगळं काम करतो, आणि वर पोचल्यावर सगळं वजन एकदम सैल खांद्यावर येऊन आदळतं. एकदा दोनदा काही होत नाही. रोज तेच केलं की खांदा बोलायला लागतो.

तर पुढचे काही आठवडे असं कर. पोलच्या बाजूला उभी राहा, दोन्ही हात छातीच्या उंचीवर, कोपरं वाकलेली, आणि पोल अंगाला चिकटलेला, अगदी काखेजवळ. तुझं सगळ्यात जास्त तिथेच चुकतं, तू पोलपासून लांब राहतेस आणि मग हात सरळ झाले की कोणाच्या बापाला उलटं होता येत नाही. आता हात ढकलत खाली आणायचेत असं समज, त्याने खांदे कानापासून लांब जातील, पाती मागे बसतील. मग स्पॉटरला, म्हणजे बाजूला सांभाळायला उभ्या असलेल्या मुलीला, सांग की मला उचलून वर ठेव, चॉपरमध्ये, म्हणजे उलटी आणि पाय फाकवलेले. तिथे एक श्वास थांब. मग गुडघे दुमडून छातीकडे घे आणि पाच आकडे मोजत खाली ये, कंबर एकेक मणका उतरतोय अशी. तिसऱ्या आकड्याला हात थरथरायला लागतील आणि तुला वाटेल सुटला, तर सुटू देऊ नकोस, तो तिसरा ते पाचवा आकडा हाच तुझा सगळा क्लास आहे, बाकी वॉर्मअप. एका बाजूला तीन चार वेळा, बस. दमलेल्या हातांनी पाचवा सहावा करण्यात काही मर्दुमकी नाही, तिथेच लोक पडतात. आणि गादी खाली आहे म्हणून बेफिकीर राहायचं नाही, गादी मानेसाठी असते, हट्टासाठी नाही.

हेच घरी जमिनीवर होतं. पाठीवर झोप, डोक्यामागे दिवाणाचा पाय दोन्ही हातांनी धर, गुडघे छातीशी आण आणि कंबर उचल, झोका न देता, आणि उतरताना परत तेच, सावकाश. इन्व्हर्ट म्हणजे हेच आहे, फक्त उभ्याने. सोसायटीच्या गार्डनमध्ये लहान मुलांसाठी जो बार लावलेला असतो त्याला लटक, आधी नुसती, मग कोपरं न वाकवता फक्त खांदे खाली ओढून अंग दोन बोटं वर घे आणि सोड. दिसायला काहीच नाही, बघणाऱ्या काकूंना वाटेल ही नुसतीच लोंबकळतेय, पण पोलवरची अर्धी दुखणी या एका हालचालीने टळतात.

आणि एक, कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं तू मेसेजच्या शेवटी सहज लिहिलंस, मला खरं तर ते पहिल्या ओळीत हवं होतं. आपण आठवडाभर मुठी आवळतो, मुठी उघडायचा व्यायाम कोणीच करत नाही. भाजीच्या जुडीचं रबर पाचही बोटांभोवती लावून बोटं फाकवत राहा टीव्ही बघताना, पाण्याची अर्धा लिटरची बाटली धरून हाताची मागची बाजू वर करून मनगट उचल, हळू सोड. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर फिजिओकडे जायचं, माझ्याकडे नाही. स्नायू पटकन तयार होतात गं, पण ते हाडाला धरून ठेवणारे कंडरे फार सावकाश, महिनोन्‌महिने घेतात, त्यामुळे ज्या वेळी आपल्याला वाटतं आता जोर आलाय, तीच सगळ्यात सांभाळायची वेळ. म्हणूनच तू विचारलेल्या ट्विस्टेड ग्रिपच्या हँडस्प्रिंगला, म्हणजे हात उलटा वळवून पोल धरायचा आणि हातांवर उलटं व्हायचं त्याला, सध्या माझा सरळ नकार. त्यात खांदा आत वळलेल्या अवस्थेत वजन घेतो. येईल त्याची वेळ.

दुखण्यातही फरक करायला शीक. पोल सिटला, म्हणजे मांड्यांत पोल धरून बसताना, मांडीची आतली कातडी जळते, क्लाइम्बला पायाचा वरचा भाग आणि नडगी ठणकते, निळेकाळे डाग पडतात, ते सगळं कातडीचं दुखणं, सवयीने बोथट होतं, तुला आठवत असेल पहिल्या पोल सिटला तू किंचाळली होतीस आणि आता तिथे बसून केस बांधतेस. पण सांध्यात टोचलं, मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली तर त्या क्षणी खाली. त्याची सवय होत नसते, करायचीही नसते.

दोन्ही बाजू कर. माहितीये तुला डावी आवडत नाही, कोणालाच आवडत नाही, डावीकडे सगळे पहिल्या दिवसासारखे दिसतात. म्हणून डावी आधी करायची, ताजी असताना. नाहीतर एक पाठ पैलवानाची आणि दुसरी तुझी स्वतःची असं होईल.

आता निसटण्याचं. जुलैमध्ये मुंबईत पोल निसटतो हा तुझा दोष नाही, हवेतच पाणी आहे. पण केसांना तेल लावून यायचं आणि मग पोल निसटतो म्हणायचं हे चालणार नाही, तू उलटी झालीस की तो शेपटा पोलवरच घासतो आणि तुझ्यानंतरची पोरगी त्यावरून घसरते. क्लासच्या दिवशी अंगाला लोशन नाही, आदल्या रात्री पायांनासुद्धा नाही. दर दोन ट्रायनंतर स्पिरिटने पोल पुसायचा आणि कोरड्या फडक्याने परत. पकडीसाठी हाताला लावायचं लिक्विड चॉक थोडंच, पूर्ण वाळू द्यायचं. उलट थंडीत, किंवा एसी जोरात असला की, धातू गार पडतो आणि कोरडा हातही सरकतो, मग आधी पाच मिनिटं साधे स्पिन करून पोलही तापवायचा आणि स्वतःलाही. तुमच्या स्टुडिओत दोन पोल पितळेचे आणि बाकी क्रोमचे आहेत, घाम येणाऱ्यांनी पितळेचा पकडायचा, ग्रिप बरी मिळते. सगळे 45 मिलिमीटरचेच आहेत, त्यामुळे माझा हात छोटा आहे हे कारण बाद.

गंमत बघ, मी शाळेत असताना दोरीचा मल्लखांब करायचे, आणि आमच्या शेजारी मुलांचा पुरलेला मल्लखांब असायचा, सागवानी, त्याला एरंडेल चोपडलेलं. आपण इथे तेलाचा थेंब दिसला की पुसायला धावतो आणि ते मुद्दाम लावतात, अंग सरकावं आणि कातडी सोलवटू नये म्हणून. पकड मग मांडीच्या जोराची. तुला जेमिनीमध्ये उलटं लटकून गुडघ्याच्या खोबणीत पोल धरायला भीती वाटते ना, त्याच भीतीवर तिकडे लहान लहान पोरं पायांनी खांबाला अढी मारून दोन्ही हात सोडतात. पण त्यांना पहिल्याच दिवशी हात सोडायला कोणी सांगत नाही. आमचे सर आधी नुसती अढी मारून बसवायचे, मग उतरायला लावायचे, परत चढ, परत उतर. सांगायचं काय, तर ही घाई न करण्याची पद्धत काही मी परदेशातून आणलेली नाही, बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पैलवानांसाठी मल्लखांब घडवला तोही ताकद कमवायलाच. कधी दादरला गेलीस तर संध्याकाळी शिवाजी पार्कात समर्थ व्यायाम मंदिरापाशी पाच मिनिटं उभी राहा. 2019 ला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा तिथेच झाली. पोरांच्या उड्या नको बघूस, ती उतरतात कशी ते बघ.

यावरून तुझ्या आईचं. "असले कपडे घालून कसला व्यायाम" हा प्रश्न आहे त्यांचा. सरळ सांग की कापड सरकतं आणि कातडी धरते, लेगिंग घालून उलटं लटकलं तर डोक्यावर पडायला होईल. मल्लखांबाची मुलं लंगोट लावतात त्यावर कोणी काही बोलत नाही. पण हेही लपवू नकोस की हे नाचणं क्लबमधून आलंय, तिकडच्या बायकांनी हे सगळं शोधलं, घडवलं, आणि मग स्टुडिओ निघाले, फेडरेशन निघालं, 2012 पासून जागतिक स्पर्धा सुरू झाल्या. "आमचं तसलं नाही हं" असं नाक मुरडून सांगणाऱ्या मला आवडत नाहीत, ज्यांचं घेतलं त्यांनाच नावं ठेवायची हे बरं नाही. आईला एकदा क्लासला घेऊन ये. बहुतेक जणी येऊन बसतात आणि दहा मिनिटांनी "जपून गं" एवढंच म्हणतात.

स्पिनिंग पोल, म्हणजे स्वतः फिरणारा, सध्या आठवड्यातून एकदाच. अंग आत घेतलं की वेग वाढतो, पाय लांब केले की कमी होतो, एवढं शरीराला समजेपर्यंत चक्कर येणारच, त्यावर उपाय नाही, आणि चक्कर आलेली असताना इन्व्हर्ट तर मुळीच नाही. ताकद स्टॅटिकवर, म्हणजे न फिरणाऱ्या पोलवर कमव. क्लास आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक पूर्ण दिवस मोकळा. तू सलग तीन दिवस जातेस कारण महिन्याची फी भरलीये, कळतं मला, पण विश्रांतीच्या दिवशीच स्नायू भरतो. आणि पोहे खाऊन दीड तासाचा क्लास होत नाही, त्यात दाणे घाल, सोबत दोन अंडी घे, अंडी नको तर वाटीभर दही किंवा पनीर, पण काहीतरी घे.

रेकॉर्डिंग करतेस ते चांगलं आहे, फक्त टाकायला करू नकोस, बघायला कर. महिन्यातून एकदा तोच साधा चेअर स्पिन, तोच क्लाइम्ब, त्याच कोनातून, आणि पोल सोडून जमिनीवर पाय टेकेपर्यंत पूर्ण. पाय टेकताना आवाज येतो का तो ऐक. त्या दुसऱ्या मुलीच्या व्हिडिओशी तुलना करायचीच असेल तर उतरण्याची कर.

आता घरी पोल बसवायचं. डोक्यात आहे ते ठीक, पण तुमच्या हॉलला पीओपीचं सीलिंग आहे हे मी बघितलंय. प्रेशर फिटचा, म्हणजे फरशी आणि छताच्या मध्ये दाबून बसवायचा पोल त्याला लावलास तर पहिल्याच स्पिनला सीलिंगसकट खाली येशील. तो वरच्या स्लॅबला किंवा बीमलाच टेकायला हवा. बाल्कनीकडच्या खोलीत सीलिंग नाहीये बहुतेक, तिथे फरशीपासून स्लॅबपर्यंतची उंची टेपने मोज, पंखा किती अंतरावर आहे तेही बघ, पाय लांब केल्यावर चारी बाजूंनी दीड मीटर तरी मोकळं लागतं. घर भाड्याचं आहे तर मालकाला विचारून घे. मोजमाप पाठव, मग कुठला घ्यायचा ते सांगते, तोवर पैसे भरू नकोस.

ताई