काळ्या पडद्याचे सेकंद मोज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. विद्यापीठाच्या संग्रहालयात खेळ लावायचा, तोही स्वतःच्या पैशांनी सिनेमा केलेल्या कुणा अनोळखी दिग्दर्शकाच्या भयपटाचा, म्हणजे चांगलंच शिंगावर घेतलंयस. पोस्टर कसं असावं, चर्चेला कोणाला बोलवावं, असं बरंच विचारलंयस. त्यातलं निम्मं तुझं तुला सुचेल. त्यापेक्षा माझ्या एका फजितीची गोष्ट ऐक.

असंच एक दालन होतं. पडद्यावर एक बाई आरशासमोर बसून बोलत होती. ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. मागचा पाऊस मात्र स्पष्ट. दालन चिडीचूप. मी मागे भिंतीला टेकून मनात म्हणतोय, काय धाडस आहे! दिग्दर्शिका बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती, पहिल्या खेळाला तिला आत बसवत नसे. बऱ्याच वेळाने तिने आत डोकावलं आणि थेट माझा दंड धरला. ‘संवाद कुठायत?’ ध्वनी ५.१ चा, म्हणजे सहा वेगळ्या चॅनेलांत विभागलेला होता आणि आमच्याकडे दोनच स्पीकर. संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतात. ते डाव्या-उजव्यात मिसळून घ्यायचे राहून गेले होते. भरल्या दालनात एकानेही हात वर केला नव्हता. सगळ्यांना वाटलं, हीच तर कला.

नेहमीच्या सिनेमात आवाज गेला तर लोक शिट्ट्या मारतात. इथे कोणी मारत नाही. अशा प्रायोगिक सिनेमाचा प्रेक्षक सभ्य असतो आणि आपल्यालाच काही कळलं नसेल अशी त्याला धास्ती असते. त्यामुळे प्रक्षेपणातला घोळ तो मुकाट्याने आशय म्हणून स्वीकारतो. तुझी चूक तुला कोणी दाखवणार नाही, म्हणून नेमकं काय मुद्दाम केलंय हे तुला आधीच माहीत हवं. दिग्दर्शकाकडून त्या जागांची यादीच लिहून घे: कुठे चित्र धूसर आहे, कुठे आवाज फाटतो, कुठे पूर्ण शांतता आहे, आणि प्रत्येक गोष्ट किती वेळ टिकते. त्याला राग येणार नाही. इतक्या बारकाईने कोणी विचारलेलं त्याला बहुधा आठवतच नसेल. कार्ल ड्रायरच्या १९३२ च्या ‘व्हॅम्पायर’मध्ये कॅमेऱ्यापुढे तलम जाळीचं कापड धरून बरीच दृश्यं टिपली आहेत, म्हणून सगळं धुक्यात बुडाल्यासारखं दिसतं. हे ठाऊक नसलेला माणूस प्रोजेक्टरवर बसला तर तो खेळभर फोकसशीच झटापट करत बसेल.

आता दालनाबद्दल. संग्रहालय वस्तू नीट दिसाव्यात म्हणून बांधलेलं असतं, आणि तुला तर अंधार हवाय. पांढऱ्या भिंती हा तुझा पहिला शत्रू. पडद्यावरचा उजेड भिंतींवर आपटून परत पडद्यावर येतो आणि काळ्याचा करडा होतो. भयपटातला करडा काळोख म्हणजे पाणी घातलेलं दूध. काळं कापड थोडंच मिळालं तर मागे लावू नकोस, पडद्यालगतच्या दोन्ही बाजूंना लाव. फरशी चकचकीत असेल तर पडद्यासमोरच्या पट्ट्यात काहीतरी अंथर. बाहेर पडण्याच्या दाराची हिरवी पाटी झाकायची नाही, तो सुरक्षेचा नियम आहे आणि योग्यच आहे. पाटी हलवता येत नाही, सिनेमाचा पडदा हलवता येतो. दाराला आतून जाड पडदा लाव, कारण लोक मध्येच उठून जाणार. जाऊ देत. फक्त प्रत्येक जाणाऱ्याबरोबर उजेडाची पट्टी आत यायला नको.

वातानुकूलन बंद करायला सांगशील तर नकार येईल. तापमान आणि दमटपणा तिथे वस्तूंसाठी राखलेला असतो, माणसांसाठी नव्हे. मग त्या घरघरीपासून लांबची भिंत शोध. रखवालदाराच्या वॉकीटॉकीचं आधीच बोलून ठेव (हे मी एकदा विसरलो होतो, ऐन शांततेत ‘गेट क्रमांक दोन’ घुमलं, आणि तेवढ्याला मात्र लोक खरोखर दचकले).

आवाज रिकाम्या दालनात ठरवू नकोस. दगडी-सिमेंटच्या जागेत घुमारा फार, कुजबुज विरघळून जाते. माणसं बसली की त्यांचे कपडे आणि अंगं तो शोषतात, मग रिकाम्यात बरोबर वाटलेला आवाज बारीक पडतो. रिकामं असताना किंचित जास्त वाटेल इतका ठेव, नॉबवर टेपने खूण कर आणि कोणी म्हणालं तरी हात लावू देऊ नकोस. चित्राचं म्हणशील तर सिनेमा बहुतेक सेकंदाला २४ चौकटींचा असेल. लॅपटॉप सहसा सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो. मग एक चौकट दोनदा, पुढची तीनदा दिसते आणि कॅमेरा सावकाश वळताना चित्र अडखळतं. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोन्ही २४ वर बसव. डीसीपी (चित्रपटगृहांसाठी बनवलेली डिजिटल प्रत) येणार असेल तर ती कुलूपबंद आहे का हे विचार. कुलूपबंद असेल तर तिची डिजिटल किल्ली ठरावीक यंत्रासाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते.

हक्कांचं थोडक्यात: लेखी परवानगी आणि मानधन, दोन्ही. घरी बघायला घेतलेली डिस्क किंवा सदस्यत्व जाहीर खेळाला चालत नाही. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं नाव वितरकाने ऐनवेळी बदललं, नव्या नावाबरोबर कॉपीराइटची ओळ घालायची राहिली, आणि अमेरिकेत सिनेमा सगळ्यांचा झाला. कर्त्यांच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. तुझ्या दिग्दर्शकाला प्रसिद्धी मिळेल, पैसे कशाला, असं कोणी बैठकीत म्हणालं तर ही गोष्ट सांग.

लुकलुकणारी दृश्यं असतील आणि उजेड सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकत असेल, तर पोस्टरवरही लिही आणि दारातही. अपस्माराच्या काही रुग्णांना त्याने झटका येऊ शकतो. ‘कथेतला धक्का आधीच फुटेल’ ही सबब इथे ऐकायची नाही.

प्रास्ताविक तू करणार आहेस ना? दोन मिनिटं. दिग्दर्शक कोण, सिनेमा किती मिनिटांचा, बाहेर जायची वाट कुठे. प्रतीकांबद्दल अक्षर काढू नकोस. संग्रहालयातल्या लोकांना प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लावायची सवय असते, मीही त्यातलाच. शेवटची नामावली पूर्ण जाऊ दे, दिवे एकदम पेटवू नकोस.

तू लिहिलंयस की शेवटाकडे पडदा बराच वेळ काळा होतो आणि काहीच ऐकू येत नाही. किती सेकंद? आणि आवाज पूर्ण शून्य आहे, की खाली काहीतरी बारीक घुमत राहतं? आज रात्रीच दिग्दर्शकाला विचार, मग त्याच दालनात त्याच पडद्यावर घड्याळ लावून मोज. आकडे जुळले नाहीत तर मला फोन कर, कितीही उशीर झाला असला तरी.

तुझा,
सर