संदेश टिकत का नाही?

प्रश्न : वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा गाळ्यांसाठी आवक नोंदवायचं वेब अ‍ॅप करतोय. नोंद सेव्ह झाली की कोपऱ्यात छोटा संदेश येतो आणि ४ सेकंदांनी जातो. पण लागोपाठ नोंदी केल्या की पुढचा संदेश दिसतो न दिसतो तोच गायब होतो. शिवाय गोणींची संख्या बदलायची खिडकी उघडी असली, की झेड-इंडेक्स (कोणता घटक वर दिसेल ते ठरवणारा आकडा) ९९९९ देऊनही संदेश तिच्यामागेच राहतो.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुम्ही बहुधा एकच डिव्ह (पानावरचा चौकोनी कप्पा) पुन्हा पुन्हा वापरताय. पहिल्या नोंदीनंतर ३ सेकंदांनी दुसरी नोंद झाली, मजकूर बदलला. पण पहिल्या नोंदीचा सेटटाइमआउट, म्हणजे संदेश पुसायचा टाइमर, अजून चालूच आहे. तो सेकंदाभरात नवाच संदेश पुसतो. प्रत्येक संदेशाला स्वतःचा डिव्ह आणि स्वतःचा टाइमर द्या. एका वेळी तीनच दाखवा, बाकीचे रांगेत ठेवा. माउस किंवा फोकस संदेशावर असेपर्यंत टाइमर थांबवा. आणि मजकूर टेक्स्टकंटेंटनेच भरा, तो सगळं साधा मजकूर म्हणून दाखवतो. शेतकऱ्याचं नाव मजकुराला एचटीएमएल समजणाऱ्या इनरएचटीएमएलमधून गेलं तर कुणीही त्यात स्क्रिप्ट घुसवू शकतो.

खिडकीचं कारण वेगळं. शोमोडल या आज्ञेने उघडलेला डायलॉग, म्हणजे तुमची खिडकी, ब्राउझरच्या 'टॉप लेयर'मध्ये, म्हणजे बाकी पानाच्या वरच्या वेगळ्या थरात जातो. तिथे झेड-इंडेक्स कितीही वाढवा, उपयोग नाही. संदेशांच्या कंटेनरला (सगळे संदेश ठेवणाऱ्या डिव्हला) पॉपओव्हर हे अ‍ॅट्रिब्यूट 'मॅन्युअल' किमतीने द्या, म्हणजे तोही टॉप लेयरमध्ये जाऊ शकेल, आणि नवा संदेश आला की हाइडपॉपओव्हर, मग शोपॉपओव्हर करा, म्हणजे तो सगळ्यांच्या वर येतो. ब्राउझर पॉपओव्हरला मधोमध बसवतो, म्हणून मार्जिन ० आणि इनसेट 'ऑटो १६पिक्सेल १६पिक्सेल ऑटो' लिहा. डिस्प्ले फ्लेक्स मात्र पॉपओव्हर-ओपन या स्यूडो-क्लासखालीच (पॉपओव्हर उघडा असतानाच लागू होणाऱ्या सीएसएस नियमात) द्या, नाहीतर बंद केलेला कंटेनरही दिसत राहतो.

इतकं करूनही खिडकी उघडी असताना तिच्याबाहेरचं सगळं निष्क्रिय असतं: संदेशावरची फुली दाबली जात नाही, आणि अंधांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही तो वाचत नाही. तेव्हा खिडकीतली चूक खिडकीतच, त्या रकान्याखाली लिहा. स्क्रीन रीडरसाठी रोल 'स्टेटस' असलेला रिकामा डिव्ह पान उघडल्यापासूनच ठेवा आणि मजकूर नंतर त्यात टाका; तसाच एक खिडकीतही. डिव्ह आणि मजकूर एकदमच घातले तर पुष्कळदा तो वाचलाच जात नाही.

आता तुम्ही न विचारलेलं, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं. आपोआप जाणारा संदेश फक्त 'सेव्ह झालं' एवढ्यासाठीच. गाळ्यावर नोंद करणाऱ्याचं लक्ष काट्याकडे असतं. 'नोंद पोचली नाही' हा संदेश ४ सेकंदांत गेला तर त्या गोणी हिशेबातून सुटल्या. तो 'पुन्हा पाठवा' बटणासह, माणूस बंद करेपर्यंत राहू द्या. आणि सर्व्हरला नोंद पाठवणाऱ्या फेचवर विसंबताना रिस्पॉन्सचं (सर्व्हरच्या उत्तराचं) 'ओके' तपासा: सर्व्हरने ५०० (सर्व्हरमधल्या चुकीचा कोड) दिलं तरी फेच कॅचमध्ये, म्हणजे चूक हाताळणाऱ्या भागात, जात नाही, आणि तुमचं अ‍ॅप खुशाल 'सेव्ह झालं' म्हणून मोकळं होतं.