जुन्या दगडमातीच्या घराची पर्यावरणपूरक दुरुस्ती शिकायची, तर सुरुवात कोठून करावी?

साताऱ्यातील आजोबांचे दगडमातीचे घर न पाडता पर्यावरणपूरक पद्धतीने दुरुस्त करायचे आहे, त्याची तत्त्वे कोठून शिकावीत, असे आपण विचारले आहे. माझेही घर साताऱ्याच्या जुन्या पेठेत आहे: काळ्या दगडाचे जोते, वर पांढऱ्या मातीच्या दोन फुटी भिंती आणि मंगलोरी कौले. माझे शिक्षण एका चुकीपासून सुरू झाले, म्हणून आधी तीच सांगतो.

भिंतीला खालून ओल येत होती, म्हणून मी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळ्यांत ओल कमरेपर्यंत चढली आणि पोपडे सुटू लागले. मातीची भिंत पाणी शोषते, तसेच पृष्ठभागावरून ते वाळून जाऊही देते. सिमेंटच्या घट्ट थराने ही वाळण्याची वाट बंद होते आणि अडकलेले पाणी भिंतीतून वर सरकते. शेवटी तो गिलावा खरवडून चुन्याचा केला. चुनखडी भाजून चुना करण्यास सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमान पुरते, सिमेंटच्या भट्टीत मात्र ते १,४५० अंशांच्या आसपास न्यावे लागते, हा चुन्याचा आणखी एक लाभ.

तथापि ओलीचे मूळ गिलाव्यात नव्हतेच, ते पागोळ्यांत होते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे ८० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटरची एकच सर आली तरी चार हजार लिटर पाणी जोत्याच्या कडेला ओतले जाते. पन्हळ लावून ते टाकीत घेतले आणि अंगणाचा उतार घरापासून बाहेर काढला, तेव्हा भिंती कोरड्या राहू लागल्या. यातून मला पहिले तत्त्व समजले, ते असे की नवे साहित्य आणण्यापूर्वी घराला कशाने इजा होते आहे हे किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहावे.

उन्हाचेही असेच आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या सुमारास दुपारचा सूर्य नेमका डोक्यावर येतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो दुपारीही दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर बेताचा छज्जा असला की उन्हाळ्यात सावली आणि थंडीत ऊन, दोन्ही मिळतात. पश्चिमेचे तिरपे ऊन छज्जाने अडत नाही. त्या बाजूला पडवी किंवा झाड हवे.

पुढे शिकण्यासाठी वास्तुविशारद लॉरी बेकर यांची केरळातील कामे अवश्य अभ्यासावीत. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याच्या त्यांच्या पद्धतीत सुमारे चतुर्थांश विटा वाचतात. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये मातीच्या बांधकामाचे प्रशिक्षणवर्ग असतात. त्याच वेळी, चुन्यात काम केलेला एखादा वृद्ध गवंडी आपल्या भागात हयात असेल, तर त्याच्याकडे आधी जावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: जुन्या मातीच्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब मुळीच टाकू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याच जिल्ह्यातला आहे. जड छत आणि कमकुवत भिंत ही जोडी अशा धक्क्यात घातक ठरते. वासे-तुळयांना वाळवी लागली असेल तर तेवढेच लाकूड बदलावे, कौले पुन्हा वापरावीत आणि कामाला हात लावण्यापूर्वी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून भिंती तपासून घ्याव्यात.