बायबलच्या मते आळशी कोण? आणि मेहनत केली की पैसा येतोच का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करताय, घरीच असता, आणि वडील रोज सकाळी बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं मुंगीचं वचन ऐकवतात: अरे आळशा, मुंगीकडे जा आणि शहाणा हो. बायबलच्या हिशेबाने मी आळशी ठरतो का, आणि मेहनत केली की पैसा येतोच असं बायबल खरंच सांगतं का, हे तुमचे दोन प्रश्न.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न आमच्या घरातून गेलेला आहे. नाही, बायबल तसं सांगत नाही.

माझे वडील नगर जिल्ह्यातले शेतकरी. मी कॉलेजात असताना एका वर्षी आमचा कांदा चांगला निघाला, पण भाव असा पडला की विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात आली तेव्हा हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन वडिलांनाच खिशातून पैसे भरावे लागले. त्याच आठवड्यात चर्चमधल्या उपासनेनंतर मंडळीतल्या एका मोठ्या माणसाने त्यांना नीतिसूत्रांच्या दहाव्या अध्यायातलं चौथं वचन ऐकवलं. सैल हाताने काम करणारा दरिद्री होतो, उद्योग्याचा हात धन मिळवतो, अशा अर्थाचं. रात्रीची वीज असली की अडीच वाजता मोटार चालू करायला विहिरीवर जाणाऱ्या माणसाला हे ऐकवलं गेलं. वडील तिथे काहीच बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर चष्मा लावून त्यांनी नीतिसूत्रे उघडलं आणि मला तेराव्या अध्यायातलं तेविसावं वचन वाचायला लावलं. गरिबाच्या नांगरलेल्या जमिनीत पुष्कळ अन्न असतं, पण अन्यायामुळे ते नाहीसं होतं. ज्या बोटाने त्यांनी ओळ दाखवली, त्याच्या पेरांवर कांदा कापणीचा काळपटपणा तसाच होता.

दोन्ही वचनं एकाच पुस्तकात आहेत, मध्ये जेमतेम तीन अध्याय. म्हणून मला वाटतं की नीतिसूत्रे वाचताना तो देवाशी केलेला करार समजून वाचू नये. साधारणपणे जगात काय घडतं, ते अनुभवी माणसाने पोराला बसवून सांगावं तसं ते पुस्तक आहे. साधारणपणे कष्टाला फळ येतं. पण बायबलमधलंच उपदेशक हे पुस्तक नवव्या अध्यायात स्पष्ट म्हणतं की वेगवान असतो तोच शर्यत जिंकतो असं नाही, शहाण्यालाच अन्न आणि समंजसालाच धन मिळतं असंही नाही; काळ आणि प्रसंग सगळ्यांनाच गाठतात. लेवीय या नियमांच्या पुस्तकात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको अशी आज्ञा आहे. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे. गरीब तो आळशी, एवढंच बायबलचं म्हणणं असतं, तर या आज्ञांची गरजच काय होती?

आता तुमचा पहिला प्रश्न. नीतिसूत्रांतला आळशी कशावरून ओळखायचा? त्याच्या खिशावरून नक्कीच नाही. तो ओळखू येतो दोन-तीन सवयींवरून, आणि त्या इतक्या बारकाईने टिपल्यात की वाचताना आपलीच चोरी पकडल्यासारखं होतं. तो म्हणतो, बाहेर सिंह आहे, रस्त्यात मारला जाईन. आपल्याकडे नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, तोच प्रकार. दार बिजागरीवर फिरतं तसा तो अंथरुणावर फिरतो: हालचाल आहे, पण पुढे सरकणं नाही. आणि ताटात हात घालतो, पण घास तोंडाशी न्यायचा त्याला कंटाळा येतो. मला यातलं हे शेवटचं चित्र सगळ्यात खरं वाटतं. आळशी सुरुवात करतो, हात ताटापर्यंत जातो. पूर्ण मात्र करत नाही.

मुंगीच्या वचनात लोक फक्त कष्ट वाचतात. तिथे त्याआधी एक गोष्ट सांगितली आहे: तिच्यावर ना कोणी पुढारी, ना देखरेख करणारा, ना धनी. तरी ती उन्हाळ्यात आपलं अन्न साठवते. पॅलेस्टाईनच्या भागात खळ्यातले दाणे वारुळात ओढून नेणाऱ्या मुंग्या खरोखरच आहेत, म्हणजे हे डोळ्यांनी पाहून लिहिलेलं आहे. कोणी उभं नसताना केलेलं काम आणि वेळेवर केलेलं काम, या दोन गोष्टी मुंगीकडून शिकायच्या आहेत.

वेळेचं जरा सविस्तर सांगतो. विसाव्या अध्यायात आहे की आळशी हिवाळ्यामुळे नांगरत नाही, म्हणून हंगामात भीक मागतो. लहानपणी मला हे कळायचं नाही, कारण आमच्याकडे नांगरट उन्हाळ्यात. पण त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली की थंडीत, चिखलात नांगरायचं. जव आणि गहू निघतात एप्रिल ते जूनमध्ये. त्याच देशातल्या गेझर या प्राचीन नगराच्या जागी 1908 मध्ये सापडलेल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका लहानशा दगडी पाटीवर वर्षाचे महिने शेतीच्या कामांनी मोजले आहेत: पेरणीचे दोन, मागास पेरणीचे दोन, जव कापणीचा एक. ज्याचा पेरणीचा महिना थंडीच्या भीतीने गेला, त्याचं वर्ष गेलं.

पण वडील तुम्हाला सहावा अध्याय ऐकवतात, तर तुम्ही चोविसावा वाचा, तीस ते चौतीस वचनं. एक माणूस आळशाच्या शेतावरून जातो. काटे माजलेत, खाजकुइली पसरलीय, दगडी कुंपण ढासळलंय. तो आत जाऊन मालकाला बोल लावत नाही. पाहतो, मनात विचार करतो आणि स्वतः धडा घेतो. मग तेच शब्द येतात जे सहाव्या अध्यायात आहेत: थोडी झोप, थोडी डुलकी, हात उराशी धरून थोडं पडणं. ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा. वर्षभर आळस करायचा असं कोणी ठरवत नाही. मंडळीतल्या त्या माणसाने वचन बरोबर वाचलं, पण ते वाचायचं होतं स्वतःसाठी.

येशूचा प्रेषित पौल याचं एक वाक्यही तुमच्या कानावर येईल: कोणाला काम करायला नको असेल तर त्याने खाऊही नये. शब्द नीट पाहा. काम करायला ‘नको असेल’ तर. काम मिळत नाही, आजारपण आहे, तयारी चालू आहे, त्यांच्याबद्दल ते नाही. पौलाने ज्यांना पत्र लिहिलं त्या थेस्सलनीका शहराच्या मंडळीतले काहीजण काहीच न करता दुसऱ्यांच्या कामात लुडबुड करत होते, त्यांना उद्देशून ते आहे. सांगणारा स्वतः तंबू शिवून पोट भरणारा होता, म्हणून त्याला तो अधिकार होता.

उलट बाजूही बायबल सोडत नाही. धनवान होण्यासाठी झिजून जाऊ नको, असं नीतिसूत्रांचा तेविसावा अध्याय म्हणतो. पहाटे उठणं, रात्री जागणं आणि कष्टाची भाकरी खाणं व्यर्थ आहे, देव आपल्या प्रियजनांना झोप देतो, असं 127 वं स्तोत्र म्हणतं. याचा अर्थ ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ असा लावू नका. त्याच स्तोत्रात घर बांधणारे बांधतायत आणि पहारेकरी जागतोय. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई कित्येक वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करत राहिल्या. 1922 मध्ये त्या गेल्या, आणि छापून पूर्ण झालेला ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. त्या मेहनतीचं यश कोणत्या पैशात मोजायचं?

तुम्ही आळशी आहात की नाही, हे मला इथून सांगता येणार नाही आणि मी सांगूही नये. एक मात्र मनापासून विचारतो, कारण नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायात म्हटलंय की सगळ्या श्रमांत लाभ आहे, नुसत्या बोलण्याने दारिद्र्यच येतं. वेळ लावून पूर्ण पेपर लिहून काढलाय असं शेवटचं कधी झालं? याच महिन्यातलं असेल, तर तो पेपर आज संध्याकाळी वडिलांसमोर ठेवा आणि त्यांच्याबरोबर बसून चोविसावा अध्याय वाचा.