स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंगा घरी बसवता येतील का?

तुमच्याकडे २०१४ ची स्विफ्ट आहे, ४० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बघून ठेवल्या आहेत, सोसायटीचं पार्किंग आहे आणि मदतीला एक मित्र. मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, माझ्या स्विफ्टचं हे काम पार्किंगमध्येच केलं. मागचं पूर्ण घरी करा. पुढचं अर्धंच.

मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, म्हणून सोपं. गाडी दोन्ही बाजूंनी घोडीवर (गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. मागच्या बीमखाली, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली, जॅक लावून शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि बीम हळूहळू खाली सोडा. स्प्रिंग हाताने निघते. ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, यावर मित्राला नजर ठेवायला सांगा.

पुढे स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते. ती गाडीच्या एका कोपऱ्याचं वजन पेलते, म्हणजे अडीचशे-तीनशे किलो. वरचा नट सुटला आणि स्प्रिंग बांधलेली नसेल तर हात, जबडा, काहीही जाऊ शकतं. स्प्रिंग दाबून धरायला बाजारात दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर मिळतात. माझा एक हुक अर्ध्यावर सरकला, तेव्हाच मी काम थांबवलं. अख्खं असेंब्ली स्कूटरवर घालून जवळच्या गॅरेजमध्ये नेलं. त्यांच्याकडे भिंतीला बसवलेला मोठा कॉम्प्रेसर होता, दोन्ही बाजूंचं काम तासाभरात झालं. तुम्हीही तेच करा. लिंक रॉड (शॉकअपला अँटी-रोल बारशी जोडणारी बारीक दांडी), ब्रेक पाइपचा क्लिप, एबीएसची वायर, नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) दोन बोल्ट हे सगळं घरी सोडवता येतं. नकल मात्र तारेने बांधून ठेवा, ती ब्रेकच्या पाइपवर लोंबकळता कामा नये. वरचे नट सोडण्यापूर्वी तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल बघा: कुठला नट बॉडीला धरतो आणि कुठला स्प्रिंगला, हे कळल्याशिवाय पाना लावायचा नाही.

जोडताना स्प्रिंगचं टोक खालच्या सीटच्या खाचेत नीट टेकलं पाहिजे. माझं डावीकडचं टेकलं नव्हतं, स्टिअरिंग वळवलं की टक टक आवाज यायचा. पुन्हा सगळं उघडावं लागलं. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. गाडी खाली आली की पुढचा आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) आणि मागचा बीम यांचे रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात. म्हणून त्या बुशांचे बोल्ट थोडे सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. बंप स्टॉपही (शॉकअप तळाला आपटू नये म्हणून असलेले रबर) किटसोबत दिलेले असतील तर तेच वापरा.

पण पैसे देण्याआधी टेप घेऊन खाली वाका. या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीच्या तळातलं अंतर, कागदावर १७० मिमी आहे. ४० गेले, १३० राहिले. चार माणसं बसली की गाडी अजून तीनेक सेंटिमीटर दबते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीड ब्रेकर १० सेंटिमीटर उंच असतो, आणि आपल्याकडच्या सोसायट्यांनी स्वतः घातलेले त्याहून उंच आणि टोकदार. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर तुम्हाला मजा येईल, पण घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर जुलैमध्ये पाण्याखालचा खड्डा दिसतच नाही. मी म्हणूनच २५ मिमीच्या घेतल्या, आणि वळणावर गाडी पूर्वीपेक्षा स्पष्टपणे घट्ट बसते. ४० मिमीसाठी जुने शॉकअपही पुरत नाहीत, ते वरचेवर तळाला आपटतात.

कायद्याचं: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या रचनेत फेरबदल करायला मर्यादा घालतं. विमा कंपनीला आधी लेखी विचारा, नंतर क्लेमच्या वेळी वाद नको.

काम झाल्यावर आठवडाभर सावकाश चालवा, स्प्रिंगा बसू द्या, सगळे बोल्ट पुन्हा तपासा आणि मगच अलाइनमेंट करा. कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकं पुढून आत की बाहेर वळलेली) दोन्हीचे आकडे असलेला प्रिंटआउट मागून घ्या. हेडलाइटचा झोतही खाली-वर झालेला असतो, तो त्याच वेळी लावून घ्या.