कापड आधी हातात घ्या

ताई, मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. एम.ए. झालंय, दोन वर्षं एका दैनिकासाठी जाहिरातींच्या मजकुराचं भाषांतर केलंय. तीन महिन्यांत अपवर्कवर, म्हणजे फ्रीलान्स कामं मिळवायच्या वेबसाइटवर, कामासाठी 43 प्रपोजलं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. प्रपोजल पाठवायला तिथे ‘कनेक्ट’ मोजावे लागतात, ते विकत घेण्यात पैसे चाललेत आणि घरचेही आता विचारायला लागलेत. शेवटचं प्रपोजल, ज्या कामासाठी ते लिहिलं त्याची जाहिरात आणि दैनिकासाठी केलेलं एक भाषांतर सोबत पाठवतेय. माझं नक्की काय चुकतंय?
— एक वाचक, इचलकरंजी

तुमचं भाषांतर चुकत नाहीये, हे आधी सांगते. दैनिकासाठी केलेलं तुमचं भाषांतर मी वाचलं. तुमची मराठी स्वच्छ आहे. अडचण त्याच्या अलीकडे आहे.

इतर वाचकांसाठी ती कामाची जाहिरात थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या एका संस्थेला मधुमेही रुग्णांसाठीची सहा माहितीपत्रकं मराठीत करून हवी होती. एकूण 4,200 शब्द, मुदत तीन आठवडे. वाचणारे बहुतेक गावाकडचे. मजकूर इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये मांडलेला, आणि मराठी मजकूर त्याच मांडणीत बसवायचा. त्यावर तुम्ही इंग्रजीत जे लिहिलंत, त्याचं मराठी असं होतं:

«आदरणीय महोदय/महोदया, आपली जाहिरात वाचून अत्यंत आनंद झाला. मी एम.ए. असून मेहनती, प्रामाणिक व वेळेची पक्की आहे. मला भाषांतराचा दोन वर्षांचा अनुभव आहे. माझे काम 100 टक्के अचूक असते. कृपया एक संधी द्यावी, मी आपला विश्वास सार्थ ठरवीन.»

हा अर्ज आहे. शाळेत पत्रलेखनाच्या तासाला आपण सगळ्यांनी हेच घोटलं: माननीय महोदय, ही नम्र विनंती, आपली आज्ञाधारक. अर्जात मागणारा खाली उभा असतो आणि आपण किती लायक आहोत ते सांगत असतो. तुमच्या या मजकुरातलं ‘भाषांतर’ काढून ‘शिवणकाम’ घातलं तरी तो तसाच चालेल. पलीकडच्या माणसापुढे त्या दिवशी असे तीस-चाळीस अर्ज येतात आणि सगळे मेहनती आणि प्रामाणिकच असतात. त्याला अडचण आहे ती सहा पत्रकांची. त्या पत्रकांबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

माझी आई मिरजेत ब्लाऊज शिवायची. नवीन बाई दारात आली की ‘मी वीस वर्षं शिवतेय’ असं तिनं कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. ती आधी पिशवीतलं कापड हातात घ्यायची, अंगठ्यानं चोळून बघायची आणि म्हणायची, ‘हे आटेल बरं का. रात्रभर पाण्यात ठेवून वाळवून आणा, अस्तरही भिजवा.’ मग विचारायची, ‘काठ बाहीला घेऊ की पाठीला?’ एवढ्यावर ती बाई माप द्यायला उभी राहायची. हिला आपलं कापड कळलंय, हे तिला दिसलेलं असायचं. मी 2014 साली ओडेस्कवर पहिलं काम मिळवलं (पुढच्या वर्षी त्याचंच अपवर्क झालं), त्याआधी मीही तुमच्यासारखे पुष्कळ अर्ज पाठवले होते. आईचं हे बोलणं प्रपोजलमध्ये आणायचं असतं, हे कळायला मला बरेच महिने लागले.

तर या जाहिरातीतलं कापड हातात घेऊ. गावाकडचे वाचक, हा पहिला धागा. इंग्रजी पत्रकात ‘ब्लड ग्लुकोज’ पानोपानी येणार. त्याला काय म्हणायचं? पुस्तकी शब्द ‘रक्तशर्करा’. पण तपासणीला आलेली आजी डॉक्टरांना ‘माझी शुगर वाढलीय’ असंच सांगते. नुसतं ‘साखर’ म्हटलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चहातली साखर येते आणि गोंधळ होतो. हा प्रश्न त्या संस्थेतल्या कुणाला सुचलाही नसेल, कारण त्यांना मराठी येत नाही. तो त्यांच्यापुढे ठेवणं हे तुमच्या कामाचंच पहिलं पाऊल आहे.

दुसरा धागा इनडिझाइनचा. या प्रोग्रॅममध्ये देवनागरी मजकुरासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर (ओळीत अक्षरं जुळवणारी सेटिंग) निवडावा लागतो. तो निवडला नाही तर पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते आणि जोडाक्षरं फुटतात. ‘स्थिती’ची जी गत होते ती बघवत नाही. मराठी न वाचणाऱ्या डिझायनरला यातलं काहीच कळत नाही, त्याच्या लेखी सगळ्या रेघाच. असं छापलेलं पत्रक मी दवाखान्यात हातात धरलंय. रुग्णासाठी आलेला कागद रुग्णाला वाचता येऊ नये, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आता तेच प्रपोजल मी पुन्हा लिहून बघितलं. इंग्रजीत पाठवायचं आहे, पण इथे मराठीतच देते:

«तुमच्या पत्रकांत ‘ब्लड ग्लुकोज’ हा शब्द सारखा येईल. मराठीत त्याला ‘रक्तशर्करा’ असा शब्द आहे, पण गावातला रुग्ण ‘शुगर’ म्हणतो. मी पहिल्यांदा ‘रक्तातली साखर, म्हणजेच शुगर’ असं लिहून पुढे ‘शुगर’च ठेवेन. तुमच्या डॉक्टरांना हे चालेल का?

सुरुवातीला अशा चाळीस-पन्नास शब्दांची यादी करून तुमची मान्यता घेईन, म्हणजे सहाही पत्रकांत एका गोष्टीला एकच शब्द राहील. मग एक पत्रक पूर्ण करून दाखवेन, ते पसंत पडलं की उरलेली पाच.

इनडिझाइनमध्ये योग्य कंपोझर निवडलेला नसेल तर मराठी अक्षरं तुटतात आणि मराठी न वाचणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. म्हणून छपाईला जाण्याआधी प्रत्येक पीडीएफ ओळ न ओळ वाचून देईन. ते दरात धरलं आहे.

दोन वर्षं मी एका मराठी दैनिकासाठी जाहिरातींचं भाषांतर करत होते, तिथे मोजक्या जागेत साधं लिहायची सवय झाली. आरोग्यविषयक मजकुराचा 120 शब्दांचा नमुना सोबत आहे. तो मी स्वतःहून केलेला आहे.

आधी कुठलं पत्रक घेऊ, आहाराचं की पायांच्या काळजीचं?»

बघा, ‘मेहनती’ हा शब्द कुठेच नाही. तुमचा अनुभव आला, पण चौथ्या परिच्छेदात, आणि तोही त्यांच्या कामाला जोडून. पहिल्या दोन ओळींवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. प्रपोजलांची यादी उघडल्यावर ग्राहकाला सुरुवातीचा तेवढाच तुकडा दिसतो, बाकीचं वाचायला त्यानं तुमच्या नावावर क्लिक करावं लागतं. ‘आदरणीय महोदय/महोदया’नं ती जागा खाल्ली होती. शेवटचा प्रश्न एका शब्दात उत्तर देता येईल असा ठेवलाय. माणूस घाईत असला तरी ‘आहाराचं’ एवढं टाइप करतो, आणि बोलणं सुरू होतं.

तो 120 शब्दांचा नमुना मात्र तुम्हाला बसून करावा लागेल. वैद्यकीय काम पूर्वी केलेलं नसेल तर केलंय असं लिहू नका. स्वतःहून केलेला नमुना असं स्पष्ट लिहिलं की कुणी हरकत घेत नाही.

असं एक प्रपोजल लिहायला मला अजूनही तास-पाऊण तास लागतो. त्यामुळे घाईघाईत ढीगभर पाठवणं शक्यच नाही, आणि ते बरंच आहे. एक कनेक्ट 15 सेंटला पडतो. एका कामाला दहा-पंधरा गेले तर दीड ते सव्वादोन डॉलर झाले. खर्च करण्याआधी जाहिरातीच्या बाजूची माहिती वाचा: ग्राहकाचं पेमेंट व्हेरिफाइड आहे का, आजवर त्यानं किती खर्च केलाय, जाहिराती टाकून खरंच किती जणांना कामं दिलीत, आणि आत्तापर्यंत किती प्रपोजलं आलीत. पन्नासच्या वर गेली असतील तर मी सहसा त्या वाटेला जात नाही. आठवड्याला चार पाठवा. घरी कुणी विचारलं तर ही चार वाचायला द्या, तुम्ही दिवसभर काय करता ते त्यांनाही कळेल.

उत्तर आलं तर त्याच दिवशी बोला. आपले रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. जेवणाच्या आधी एकदा फोन बघायची सवय ठेवा.

नवीन असल्यामुळे दर कमी लावावा का? आणि एका भाषांतर एजन्सीनं ईमेलवर 800 शब्दांची फुकट चाचणी मागितली आहे. करू का?
— एक वाचक, चिपळूण

चाचणी करू नका. मी केली होती, 600 शब्दांची. त्यानंतर त्या एजन्सीचं एकही ईमेल आलं नाही. काही महिन्यांनी एका पत्रकात माझीच वाक्यं छापलेली दिसली, स्वल्पविरामासकट. आमच्यासारख्या दहा जणांना एकेक तुकडा देऊन अख्खं काम फुकटात करून घेतलं असावं, असं मला आजही वाटतं. 100 ते 150 शब्दांत कुणाचंही भाषांतर जोखता येतं. त्याच्या वर मागितलं तर नम्रपणे दर कळवा. एजन्सी नवीन असेल तर प्रोझ डॉट कॉमवरचा ब्लू बोर्ड बघा, तिथे भाषांतरकारांनीच एजन्सींना गुण दिलेले असतात.

दराचं म्हणाल तर आधी तास मोजा. वर इचलकरंजीच्या ताईंचं काम आहे, तेच घेऊ. वैद्यकीय मजकुराचे माझे ताशी 250 शब्द होतात. 4,200 शब्दांना जवळजवळ 17 तास. दुसरं वाचन सहा तास, शब्दांची यादी दोन, पीडीएफ तपासणं तीन. झाले 28 तास. ताशी 500 रुपये हवे असतील तर 14,000. त्यातून वेबसाइट आपला वाटा कापणार. दहा टक्के धरले तर साडेपंधरा हजारांच्या वर सांगायला हवं. हातात किती येणार ते प्रपोजल पाठवण्याआधी तिथेच दिसतं, तो आकडा बघूनच पाठवा. कुणी पाच डॉलरमध्ये करतो म्हणाला तर म्हणू द्या. 28 तासांचं काम पाच डॉलरमध्ये करणारा ते मशीनमध्ये घालून काढणार, आणि आजी पुन्हा ‘रक्तशर्करा’पाशी अडणार.

नवीन असताना दर पाडण्याऐवजी काम लहान करा. एक पत्रक, एक माइलस्टोन, म्हणजे पैसे ठरवलेला एक टप्पा. ठरावीक रकमेच्या कामात ग्राहकानं माइलस्टोनचे पैसे एस्क्रोमध्ये (वेबसाइटकडे राखून ठेवायच्या खात्यात) भरलेत हे बघितल्याशिवाय फाइल उघडू नका. काम ‘सबमिट’ बटणावरूनच पाठवा, नुसतं चॅटमध्ये टाकू नका. सबमिट केल्यापासून 14 दिवसांत ग्राहक काहीच बोलला नाही तर पैसे आपोआप मोकळे होतात. चॅटमध्ये दिलेल्या फाइलला हा नियम लागू नाही.

प्रपोजल चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर चालेल का? माझं इंग्रजी कच्चं आहे.
— एक वाचक, परभणी

व्याकरण तपासून घ्या, खुशाल. पण जाहिरात तिथे चिकटवून ‘प्रपोजल लिही’ म्हणू नका, कारण उरलेले तीस जण तेच करतात आणि ग्राहकापुढे एकाच चेहऱ्याची तीस पत्रं जातात. आधी मराठीत चार ओळी लिहा: यांच्या कामात मला काय दिसलं, मी सुरुवात कुठून करीन, त्यांना काय विचारायचंय. मग त्याचं इंग्रजी करा. वाक्यं आखूड ठेवा. तुमचं आखूड इंग्रजी तुम्हाला मुलाखतीतही बोलता येईल. उसनं पल्लेदार इंग्रजी व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटांत उघडं पडतं, आणि मग तुमच्या खऱ्या कामावरही शंका येते.

अपवर्कवरच्या एका परदेशी ग्राहकानं काम पक्कं केलंय. पण तो टेलिग्रामवर बोलूया म्हणतो, आणि फाइली देण्याआधी 3,000 रुपये डिपॉझिट मागतोय, नंतर परत करणार म्हणे. भरू का?
— एक वाचक, बेळगाव

भरू नका. काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही, एक रुपयाही नाही. करार होण्याआधी बाहेरच्या ॲपवर बोलणं अपवर्कच्या नियमात बसत नाही. तुमचं खातंही त्यात जाऊ शकतं. त्याच्या संदेशाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्या जाहिरातीवर ‘फ्लॅग’चं बटण आहे ते दाबा आणि पुढे उत्तर देऊ नका. पैसे आधीच गेले असतील तर आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. यात जितका उशीर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता कमी होते.