संगणकातला कॅल्क्युलेटर: तुमचे प्रश्न

संगणकावर हिशेब करताना येणाऱ्या अडचणींबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. त्यातले सहा आज घेतो. बहुतेकांनी शेवटी एकच विचारलंय: कुठला मोफत कॅल्क्युलेटर उतरवून घेऊ? पण निम्म्यांना काहीच उतरवून घ्यायची गरज नाही, म्हणून आधी अडचण बघू.

दुकानातल्या संगणकावर २ + ३ × ४ केलं की २० येतात. मुलीच्या मोबाइलवर १४ येतात. विंडोजचा कॅल्क्युलेटर बिघडलाय का? (किराणा दुकानदार, बार्शी)

बिघडलेला नाही. तुमचा कॅल्क्युलेटर 'स्टँडर्ड' मोडमध्ये आहे. हा मोड गल्ल्यावरच्या साध्या कॅल्क्युलेटरसारखा चालतो: जी खूण आधी दाबाल, तिचा हिशेब आधी उरकतो. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. 'सायंटिफिक' मोड मात्र शाळेतला नियम पाळतो, गुणाकार आधी. म्हणून तिथे १४.

दुकानात हे महागात पडतं. ३५ रुपयांचे दोन साबण आणि ४० रुपयांचे तीन पुडे. तुम्ही सरळ ३५ × २ + ४० × ३ असं दाबत गेलात, तर स्टँडर्ड मोड ३३० दाखवतो. खरं बिल १९० चं आहे. मोठ्या आकड्याच्या वर एक बारीक ओळ असते, तिच्याकडे बघा: दुसऱ्यांदा गुणिले दाबताच तिथे '११० ×' दिसतं. म्हणजे त्याने ७० मध्ये ४० मिळवून टाकले, आणि आता त्या सगळ्याला तीनने गुणणार. ही बारीक ओळ वाचायची सवय लावून घ्या, एवढं कळकळीने सांगतो.

उपाय दोन. अल्ट धरून २ दाबा, सायंटिफिक मोड येतो. अल्ट आणि १ ने परत स्टँडर्ड. नाहीतर प्रत्येक वस्तूचा गुणाकार करून बरोबरची खूण (=) दाबा आणि कंट्रोल-पी ने तो मेमरीत मिळवत जा. शेवटी कंट्रोल-आर दाबलं की एकूण बेरीज समोर. टेबलावरच्या कॅल्क्युलेटरचं 'एम प्लस' हेच.

दुसरा उतरवून घेऊ नका. हा कॅल्क्युलेटर १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून सोबत येतोय, आणि मार्च २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा सगळा कोड एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वाचता-वापरता येईल असा, खुला केला. संगणकावरून पुसला गेला असेल, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून फुकट परत मिळतो. जाहिरातींनी भरलेल्या पानांवरून काही घेऊ नका.

बिल १,१८० चं, जीएसटी धरून. १८ टक्के वजा केले तर ९६७.६० येतात, पण माल १,००० चा होता. (हार्डवेअर दुकान, कोल्हापूर)

टक्के कशावरचे, हे इथे निसटतं. कर १,००० वर लागला होता. तुम्ही १,१८० चे १८ टक्के काढून वजा केलेत. कर धरून असलेल्या रकमेतून मूळ किंमत काढायला भागाकार करायचा: ११८० ÷ १.१८ = १०००. पाच टक्क्यांसाठी १.०५. पडताळा सोपा आहे. आलेल्या उत्तरावर परत १८ टक्के चढवा. ९६७.६० वर चढवलेत तर १,१४१.७७ होतात, ११८० होत नाहीत. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदललेत, १२ टक्क्यांच्या बऱ्याच वस्तू ५ वर आल्या. भिंतीला चिकटवलेल्या कागदावर अजून १.१२ असेल तर तो कागद बदला.

सातबारावर क्षेत्र ०.८१ हेक्टर आहे. कॅल्क्युलेटरमध्ये गुंठा सापडत नाही. (शेतकरी, जुन्नर)

गुंठा तिथे नाही, पण एकर आहे. मेनूतून 'एरिया' घ्या, ०.८१ हेक्टर टाका. दोन एकरांच्या किंचित वर येतं. त्याला ४० ने गुणा: ८०.०६ गुंठे.

आपल्याकडे 'एक आर म्हणजे एक गुंठा' असं सर्रास धरतात. आर १०० चौरस मीटरचा; गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. तुमच्या ८१ आरात त्यामुळे जवळजवळ एका गुंठ्याचा फरक पडतो. जमिनीचा भाव गुंठ्यावर ठरत असेल तर हा फरक सोडू नका.

आकडे लाख-कोटींच्या स्वल्पविरामात हवे असतील, तर कंट्रोल पॅनेलच्या 'रिजन'मध्ये जाऊन 'अ‍ॅडिशनल सेटिंग्ज' उघडा आणि 'डिजिट ग्रुपिंग' बदला.

कर्जाचा हप्ता काढायचाय, पण प्रत्येक संकेतस्थळ आधी फोन नंबर मागतं. (शिक्षिका, पुणे)

नंबर देऊ नका. लिबरऑफिस हा कार्यालयीन कामाचा मोफत सॉफ्टवेअर-संच आहे, त्यातल्या 'कॅल्क' या हिशेबाच्या तक्त्यात (स्प्रेडशीट) हप्ता काढणारं पीएमटी हे फंक्शन आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: महिन्याचा दर, हप्त्यांची संख्या आणि कर्जाची रक्कम (उणे खूण लावून). दहा लाख, ९ टक्के, १५ वर्षं: ९%/१२, १८० आणि −१००००००. उत्तर १०,१४२.६७.

एवढंही नको असेल तर स्पीडक्रंच हा कॅल्क्युलेटर घ्या. मला स्वतःला हा फार आवडतो. बटणांऐवजी पूर्ण हिशेब ओळीत लिहायचा, आणि आधीच्या सगळ्या ओळी वर तशाच राहतात. चूक झाली तर कुठे झाली ते दिसतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, पेनड्राइव्हवरूनही.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी तुमचा प्रश्न मी मुद्दाम घेतला. गाडी घेताना एका विक्रेत्याने मला 'फक्त ९ टक्के' सांगितलं होतं. तो 'फ्लॅट' दर होता. एक लाख, तीन वर्षं: वर्षाला ९,००० प्रमाणे २७,००० व्याज, एकूण १,२७,००० भागिले ३६, हप्ता ३,५२७.७८. बँकेच्या नेहमीच्या पद्धतीने, उरलेल्या मुद्दलावर ९ टक्के लावले, तर हप्ता ३,१७९.९७ होतो. दर महिन्याला साडेतीनशे रुपयांचा फरक! फ्लॅट पद्धतीत तुम्ही फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज भरत राहता. लिबरऑफिसमधलं 'रेट' फंक्शन हप्त्यावरून खरा दर काढतं: ३६, −३५२७.७८, १०००००. येतो तो महिन्याचा. १२ ने गुणलात की १६ टक्क्यांच्या वर जातो. सही करण्याआधी हे एवढं जरूर करा.

साइन ३० चं उत्तर ०.५ यायला हवं, −०.९८८ येतंय. (अकरावीची विद्यार्थिनी, सांगली)

कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) आहे. 'रॅड' लिहिलेल्या बटणावर 'डेग' येईपर्यंत क्लिक कर. आलेख काढायचे असतील तर त्याच कॅल्क्युलेटरमध्ये अल्ट आणि ३. भूमितीसाठी जिओजेब्रा घे, विद्यार्थ्यांना मोफत आहे.

मजुरांची हजेरी काढताना दोन तारखांमधले दिवस मोजायचे आहेत. (बांधकाम मुकादम, नाशिक)

अल्ट आणि ५, तारखांचा मोड येतो. १ मार्च आणि ३१ मार्च टाकलेत की तो ३० दिवस सांगेल, कारण तो फरक काढतो. दोन्ही दिवशी काम झालं असेल तर एक मिळवून ३१ धरा, नाहीतर मजुराची एका दिवसाची मजुरी बुडेल.